डाव्या खांद्यामागची मूठ: जॉन डेन्व्हर यांच्या विमान अपघाताचा तपास

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे विमानतळावरून संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांच्या सुमारास एक छोटं, दोन आसनी विमान उडालं. आत एकच माणूस होता. पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांच्या सुमारास ते पॅसिफिक ग्रोव्ह गावाजवळ, किनाऱ्यालगतच समुद्रात कोसळलं आणि तो माणूस जागीच गेला. तो माणूस म्हणजे गायक-गीतकार जॉन डेन्व्हर. वय ५३. गिटार शिकणाऱ्या आपल्याकडच्या कित्येकांनी सुरुवात त्यांच्याच गाण्यांनी केलेली असते, त्यामुळे बातमी इथेही पोचली. पुढच्या वर्ष-सव्वा वर्षात तपासातून जे निघालं, ते मात्र फारसं कुणी वाचलं नाही.

मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते तपासासाठी. विमान हलकं, कुणा हौशी माणसानं स्वतःच्या हातांनी बांधलेलं. उड्डाणाची नोंद ठेवणारा ब्लॅक बॉक्स अशा विमानात नसतो. सांगायला कुणी सहप्रवासी उरला नव्हता. अवशेष खडकाळ समुद्रतळाशी, तुकड्यांमध्ये. तरीही तपासणारे इंधनाचा कॉक फिरवायच्या एका मुठीपर्यंत पोचले, आणि तिथून एका पायापर्यंत. हलक्या विमानाच्या अपघातात ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा मारून फाइल बंद करणं सोपं असतं. इथे चूक होतीच. पण ती चूक का झाली असेल, या प्रश्नाला भिडल्याशिवाय त्यांनी फाइल बंद केली नाही.

विमान कसं होतं

विमानाचं नाव लाँग-ईझी. बर्ट रुटान यांची रचना. कॅलिफोर्नियातल्या मोहावी इथे ते १९७९ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि त्याच वर्षी त्यांचे बंधू डिक रुटान यांनी त्यातून न थांबता ४,८०० मैलांचं उड्डाण करून विक्रम केला. हेच डिक रुटान १९८६ मध्ये जीना यीगर यांच्याबरोबर ‘व्हॉयेजर’मधून, वाटेत न उतरता आणि इंधन न भरता, पृथ्वीला फेरी मारून आले. थोडक्यात, हे कुणा नवशिक्यानं कागदावर रेघोट्या मारून काढलेलं विमान नव्हतं.

दिसायला ते नेहमीच्या विमानापेक्षा वेगळं. इंजिन आणि पंखा मागे, त्यामुळे पंखा विमानाला ओढत नाही, ढकलतो. शेपटी नाही. त्याऐवजी नाकाजवळ एक छोटा पंख, ज्याला कॅनार्ड म्हणतात. मुख्य पंखांच्या टोकांना उभे पंख, आणि त्यांवर रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या हलत्या फळ्या. अंग फोमचं आणि त्यावर काचतंतूचं कवच. रिकामं वजन जेमतेम सव्वातीनशे किलो. रचनेतली खुबी अशी की वेग फार कमी झाला तर आधी पुढचा छोटा पंख उचल सोडतो, नाक आपोआप खाली येतं आणि मुख्य पंख शाबूत राहतात. हलक्या विमानांचे जीव घेणारा ‘स्टॉल आणि स्पिन’ (पंखांची उचल जाऊन विमान गरगरत खाली येणं) हा नेहमीचा प्रकार या विमानात सहजी घडू नये, अशीच त्याची घडण आहे. म्हणून तर ते पाचशे फुटांवरून नाकावर खाली आलं, हे ऐकून जाणकार चक्रावले.

कायद्याच्या भाषेत हे अल्ट्रालाइट नव्हे. अमेरिकेत १९८२ पासून अल्ट्रालाइटचा नियम वेगळा आहे: एकच आसन, इंजिनवाल्याचं रिकामं वजन २५४ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण ११५ किलोपेक्षा कमी आणि इंधन फार तर ५ गॅलन. त्याला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. लाँग-ईझी त्याच्या वरच्या पायरीवर, ‘प्रायोगिक, हौशी बांधणीचं’ या वर्गात येतं. रुटान यांची कंपनी आराखडे विकायची आणि लोक आपापल्या गॅरेजमध्ये विमान बांधायचे. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं असलं की सरकारी निरीक्षक येऊन विमान बघतो, कागद देतो आणि विमान उडायला मोकळं होतं. मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना नोंदणीसाठी किती वर्षं झगडावं लागलं, हे आपण पाहिलेलं आहे. तिकडे ते दार कधीचंच उघडं होतं. त्या मोकळेपणानं जगाला रुटान यांच्यासारखा रचनाकार दिला, हे मी मनापासून मानतो. पण त्याच मोकळेपणात बांधणाऱ्याला आराखडा बदलण्याचीही मुभा होती, आणि हे प्रकरण त्या बदलापासूनच सुरू होतं.

कॉक कुठे बसवला होता

लाँग-ईझीला इंधनाच्या दोन टाक्या असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, पंखांच्या मुळाशी. दोन्हींतून एकाच वेळी इंधन घ्यायची सोय नाही. एक टाकी संपत आली की वैमानिकानं कॉक फिरवून दुसरीवर जायचं. ज्यांनी जुनी बजाज स्कूटर चालवली आहे त्यांना हे लगेच कळेल: इंजिन आचके द्यायला लागलं की चालत्या गाडीवर हात खाली घालून कॉक रिझर्व्हला लावायचा. फरक एवढाच की स्कूटर बाजूला घेता येते.

मूळ आराखड्यात हा कॉक पुढच्या आसनावर बसलेल्या वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये आहे. डोळ्यांसमोर, हाताशी. हे विमान ज्यानं बांधलं त्याला इंधनाच्या नळ्या कॉकपिटमधून न्यायच्या नव्हत्या. अपघातात नळी फुटली तर पेट्रोल बसलेल्या माणसाच्या अंगावर येईल, ही भीती काही वेडगळ नव्हती. म्हणून त्यानं कॉक मागे नेला आणि फिरवायची मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे, पाठीमागच्या आडव्या भिंतीवर बसवली. मुठीवर किंवा तिच्याभोवती खुणा नव्हत्या. डावी टाकी कुठे, उजवी कुठे, बंद कुठे, हे लक्षात ठेवायचं.

इंधन किती उरलंय हे दाखवणाऱ्या काचनळ्या मागच्या आसनाच्या बाजूला होत्या. त्यांच्यावरही आकडे नव्हते. पुढे बसलेल्या माणसाला त्या सरळ दिसत नाहीत.

यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर कुणीही म्हणेल, चालवून घेता येईल. ज्यानं बांधलं त्याला मुठीची दिशा पाठ असणार आणि नळीतली पातळी बघून उरलेलं इंधन सांगता येत असणार. विमान त्याच्या सवयीनं घडलेलं होतं. ते विकलं जातं तेव्हा सवय विकत मिळत नाही.

आदला दिवस आणि ती संध्याकाळ

डेन्व्हर कच्चे वैमानिक नव्हते. त्यांचे वडील अमेरिकी हवाई दलातले नावाजलेले वैमानिक, आणि मुलानं उडायला शिकावं म्हणून त्यांनी स्वतः वेळ दिलेला. डेन्व्हर यांच्या नावावर २,७०० तासांहून अधिक उड्डाण होतं. एक इंजिन, अनेक इंजिनं, ग्लायडर, ढगांतून केवळ उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण, लिअरजेट चालवण्याची परवानगी, सगळं होतं. या विमानाचा अनुभव मात्र जवळपास नव्हता. आदल्या दिवशी सांता मारिया विमानतळावर, हे विमान जाणणाऱ्या एका वैमानिकाबरोबर त्यांनी साधारण अर्ध्या तासाचं उड्डाण केलं, माहिती घेतली आणि मग ते एकटेच विमान घेऊन माँटेरेला आले. रडरच्या पेडलपर्यंत पाय नीट पोचावेत म्हणून त्यांना पाठीमागे उशी ठेवावी लागायची.

ही उशी मला दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाही. पाय पेडलला लागावेत म्हणून शरीर पुढे सरकवलं की मागची मूठ तेवढीच आणखी लांब जाते.

अपघाताच्या दिवशी माँटेरेला एका तंत्रज्ञानं त्यांना उड्डाणाच्या तयारीत मदत केली. त्यानं तपास अधिकाऱ्यांना जे सांगितलं ते वाचताना अस्वस्थ व्हायला होतं, कारण पुढे जे घडलं त्याची जवळजवळ पूर्ण चर्चा या दोघांनी जमिनीवरच केली होती. मूठ हाताला लागत नाही आणि फिरवायला जड आहे, यावर ते बोलले. मुठीला व्हाइस-ग्रिप पक्कड लावून ती लांबवता येते का, हेही करून पाहिलं. तरी हात पोचेना. तेव्हा डेन्व्हर म्हणाले की गरज पडलीच तर हवेत ऑटोपायलट लावून विमान सरळ ठेवीन आणि मग कॉक फिरवीन.

तंत्रज्ञानं काचनळ्या बघून सांगितलं की उजव्या टाकीत अर्ध्यापेक्षा कमी आणि डाव्या टाकीत पावपेक्षा कमी इंधन आहे. त्यानं त्यांना एक छोटा आरसाही दिला, खांद्यावरून मागच्या नळ्या बघता याव्यात म्हणून. इंधन भरायचं का, असंही विचारलं. डेन्व्हर नको म्हणाले. तासभरच उडायचं होतं.

हाताशी न येणारी मूठ, आरशातून बघायचं इंधन, नवं विमान. यातल्या तिन्ही अडचणींवर एकच साधा उतारा होता: दोन्ही टाक्या भरून घेणं. मग त्या तासाभरात कॉकला हात लावायची वेळच आली नसती. डेन्व्हर यांच्या निर्णयांपैकी मला सगळ्यात जड वाटतो तो हाच. ऑटोपायलटचा बेत वाईट नव्हता, पण तो उंचावर, निवांत वेळ हाताशी असताना चालणारा. इंजिन आधी बंद पडेल आणि मग कॉक फिरवावा लागेल, तेही समुद्रावर पाचशे फुटांवर, हे त्या बेतात धरलेलंच नव्हतं.

उडाल्यावर त्यांनी धावपट्टीला चाकं टेकवून पुन्हा उडण्याच्या तीन फेऱ्या मारल्या, हात बसवण्यासाठी. मग ते पश्चिमेला, किनाऱ्याच्या दिशेनं गेले. नियंत्रण कक्षाशी शेवटचं बोलणं ट्रान्सपाँडरबद्दल झालं. हे यंत्र रडारला विमानाची ओळख आणि उंची पाठवतं. त्याचा संदेश नीट मिळत नव्हता. तो मिळाला तेव्हा उंची ५०० फूट दिसली, म्हणजे सुमारे दीडशे मीटर. त्यानंतर आवाज आला नाही.

साक्षीदार

किनाऱ्यावर लोक होते. तपासात २० जणांच्या जबान्या झाल्या. अशा जबान्यांचं काय करायचं, हा कोणत्याही अपघात तपासातला नाजूक प्रश्न असतो. माणसं खोटं बोलत नाहीत, पण दोन-चार सेकंदांत घडलेलं मन नंतर जुळवून घेतं, आणि टीव्हीवर बातमी पाहिल्यावर तर आणखीच. म्हणून एकाच साक्षीदाराच्या पूर्ण कहाणीवर विसंबण्याऐवजी, एकेक गोष्ट किती जणांनी स्वतंत्रपणे सांगितली, हे बघतात.

इथे आठ जणांनी सांगितलं की विमान खाली येण्याच्या जरा आधी ‘फट्’ असा किंवा बॅकफायरसारखा आवाज आला आणि इंजिनाचा आवाज कमी झाला. बारा जणांनी विमान नाक खाली करून तीव्र उतारानं येताना पाहिलं. पाच जणांनी ते एका अंगावर जोरात कललेलं पाहिलं, आणि त्यांतल्या चौघांच्या मते कल उजवीकडे होता.

म्हणजे क्रम असा लागतो: इंजिनाचा आवाज गेला, विमान उजवीकडे कललं, नाक खाली गेलं. इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. ते घरंगळत पुढे जातं, आणि लाँग-ईझी तर चांगलंच पुढे जातं. पाचशे फुटांवर इंजिन गेलं असतं तर वैमानिकाला समोर पाण्यावर सपाट उतरण्याचा प्रयत्न करता आला असता. अपघात वाईटच झाला असता, पण तो नाकावर झाला नसता. ‘इंजिन का थांबलं’ याचं उत्तर टाकीत मिळण्यासारखं होतं. खरा प्रश्न पुढचाच होता. विमान उजवीकडे का कललं?

जे नव्हतं ते

दरम्यान वर्तमानपत्रांना दुसराच धागा मिळाला. १९९३ आणि १९९४ मध्ये डेन्व्हर यांच्यावर दारू पिऊन गाडी चालवल्याचे गुन्हे नोंदले गेले होते. त्यामुळे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं त्यांच्या वैद्यकीय दाखल्यासाठी दारू पूर्ण बंद ठेवण्याची अट घातली, ती पाळली गेली नाही असं दिसल्यावर दाखला नाकारला, आणि अपघाताच्या दिवशी त्यांच्याकडे उडण्यासाठी वैध वैद्यकीय दाखला नव्हता. बातमी लिहायला एवढं पुरे होतं.

शवविच्छेदनानंतरच्या तपासणीत रक्तात दारू सापडली नाही. दाखला नसताना उडणं हा नियमभंग होताच, त्याबद्दल दुमत नाही. पण नियमभंग आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दाखला खिशात असता तरी मूठ जिथे होती तिथेच राहिली असती. तपास मंडळानं हा फरक नीट पाळला. लोकांच्या तोंडी मात्र आजही तीच गोष्ट असते, आणि मला हे त्या माणसावर अन्याय करणारं वाटतं.

इंजिनाच्या अवशेषांत आधीपासूनच्या बिघाडाचं काही निघालं नाही. कॉक सापडला. तो कोणत्याही एका टाकीवर पूर्ण लागलेला नव्हता, मधल्याच स्थितीत होता. केवळ एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण आदळण्याच्या धक्क्यानंही असा भाग हलू शकतो. पण पावपेक्षा कमी भरलेली डावी टाकी, आवाज जाणारं इंजिन आणि अर्धवट फिरलेला कॉक हे एका रांगेत बसतात.

आसनावर बसून पाहणं

या तपासाचं मोल मला दिसतं ते इथे. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या, म्हणजे एनटीएसबीच्या माणसांनी हे विमान उडवलेल्यांशी बोलून घेतलं आणि ती मूठ फिरवायला नेमकं काय काय करावं लागतं, हे पायरीपायरीनं मांडलं.

लाँग-ईझीत वैमानिक मागे रेलून बसतो, पाय पुढे पसरलेले. विमान वळवायची स्टिक उजव्या हाताशी, बाजूच्या कडेवर असते. डाव्या खांद्यामागची मूठ गाठायची तर पहिली गोष्ट, स्टिक सोडायची. दुसरी, खांद्यावरचे पट्टे सैल करायचे. तिसरी, कमरेपासून वरचं अंग डावीकडे पूर्ण ९० अंशांत वळवायचं. चौथी, जड मूठ फिरवायची, तीही खुणा नसताना. एवढं सगळं होईपर्यंत विमानावर हात नाही आणि समोर डोळे नाहीत.

मग त्यांना एक गोष्ट दिसली, जी कागदावर कधीच दिसली नसती. अंग डावीकडे पिळलं की तोल सांभाळायला उजवा पाय आपोआप पुढे ताणला जातो. खुर्चीत बसून, पाय पुढे पसरून, मागच्या भिंतीवरची वस्तू घ्यायला वळून पाहा: उजवी टाच कशाला तरी रेटा देतेच. विमानात त्या पायासमोर उजव्या रडरचं पेडल असतं. लाँग-ईझीत दोन्ही रडर सुटे असतात. उजवं पेडल दाबलं की फक्त उजव्या पंखाच्या टोकाचा रडर बाहेर वळतो. त्याचा परिणाम काय होतो, हे दुसऱ्या लाँग-ईझीत उडून पाहिलं. नाक जरा वर उचलतं आणि विमान उजवीकडे कलतं.

चौघा साक्षीदारांनी सांगितलेली बाजू हीच.

आता ते शेवटचे क्षण डोळ्यांसमोर उभे राहतात. इंजिन थांबतं. खाली समुद्र, वर वेळ नाही. हातातली स्टिक सोडून माणूस मागे वळतो. तो जे करतोय ते बरोबरच आहे: टाकी बदलली की इंजिन पुन्हा लागेल. आणि त्याच क्षणी, त्याच्या नकळत, त्याचा उजवा पाय विमानाला उलटं करू लागतो. डोळे मागे आहेत, त्यामुळे क्षितिज तिरकं झालेलं दिसत नाही. दिसतं तेव्हा सावरायला उंची उरलेली नसते. हजार-दोन हजार फूट उंच असता तर कदाचित सावरलंही असतं.

हे सगळं अनुमान आहे, आणि मंडळानंही ते ‘संभाव्य कारण’ म्हणूनच मांडलं. अपघात तपासात ‘संभाव्य’ याचा अर्थ मोघम असा नसतो. उपलब्ध पुराव्यांतली प्रत्येक गोष्ट ज्यात बसते आणि दुसऱ्या कुठल्या कहाणीत बसत नाही, ती कहाणी म्हणजे संभाव्य कारण.

निष्कर्ष, आणि माझा मतभेद

जानेवारी १९९९ मध्ये मंडळानं निष्कर्ष जाहीर केला. कारण असं: इंधनाची मूठ फिरवण्याच्या प्रयत्नात वैमानिकाचं उड्डाणावरून लक्ष उडालं, अभावितपणे उजवा रडर दाबला गेला आणि विमानावरचा ताबा सुटला. उड्डाणपूर्व तयारीतली उणीव, विशेषतः इंधन न भरणं, हेही कारणांतच धरलं. त्याखाली हातभार लावणारे घटक म्हणून नोंदवलं ते असं: मूठ अवघड जागी आणि खुणांविना बसवण्याचा बांधणाऱ्याचा निर्णय, आकडे नसलेल्या काचनळ्या, नव्या प्रकारच्या विमानावर जाताना घेतलेलं अपुरं प्रशिक्षण आणि या प्रकारच्या विमानाचा एकूण अनुभव कमी असणं.

यादी बरोबर आहे. क्रम मला पटत नाही. मूठ पायांच्या मध्ये असती तर लक्ष उडण्याचा, अंग वळवण्याचा, पाय ताणला जाण्याचा प्रश्नच आला नसता. डेन्व्हर यांनी इंधन भरलं नाही म्हणून ती मूठ त्या संध्याकाळी कामाला आली, हे खरं. पण ती कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत कधीतरी अशी कामाला येणारच होती. जो दोष वैमानिकाच्या विसरण्याची वाट बघत बसलेला आहे, त्याला ‘हातभार’ म्हणणं मला कमी वाटतं. तो कारणांच्या पंक्तीला बसायला हवा होता.

यात बांधणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचा हेतू नाही, आणि मंडळाचाही तो नव्हता. विमान अपघाताच्या तपासासाठी सगळे देश ज्या आंतरराष्ट्रीय करारानं बांधलेले आहेत, त्याच्या तेराव्या परिशिष्टात स्पष्ट म्हटलं आहे की तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी वाटणं नव्हे. भारतात २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात तपास विभागही याच तत्त्वावर काम करतो. इंधनाच्या नळ्या माणसापासून दूर ठेवाव्यात, हा त्या बांधणाऱ्याचा विचार सुरक्षेचाच होता. फक्त त्यानं आगीचा धोका जेवढा बारकाईनं पाहिला, तेवढा हाताच्या लांबीचा पाहिला नाही.

कारखान्यात बनणाऱ्या, प्रमाणपत्र मिळालेल्या विमानांना हा प्रश्न सहसा येत नाही. त्यांच्या नियमांत इंधनाचा कॉक वैमानिकाच्या हाताशी असावा, स्थिती दिसावी, खुणा असाव्यात, चुकून ‘बंद’वर जाऊ नये, असं सगळं घातलेलं आहे. त्यातला प्रत्येक नियम आधी कुणीतरी जीव गमावल्यावर आलेला असतो. हौशी बांधणीच्या विमानाला ते बंधन नव्हतं. मंडळानं म्हणूनच विमान वाहतूक प्रशासनाकडे आणि हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेकडे शिफारशी केल्या. त्यांचा रोख दोन गोष्टींवर होता: कागद देण्यापूर्वी विमान बघताना इंधनासारखी जीवावरची साधनं हाताशी आणि खुणांसह आहेत का ते पाहावं, आणि असं विमान दुसऱ्याच्या हाती जाताना त्याच प्रकारच्या विमानावर पुरेसं प्रशिक्षण व्हावं.

दुसरी शिफारस मला अधिक मोलाची वाटते. निरीक्षक विमान एकदा बघतो आणि जातो. विकत घेणारा त्यात रोज बसतो. आपल्याकडेही आता मायक्रोलाइट, पॉवर्ड पॅराग्लायडर आणि हौशी बांधणीची विमानं वाढत आहेत, जुनी हातोहात विकली जात आहेत. असं काही विकत घेताना इंजिनाचे तास आणि रंग बघण्याआधी, जमिनीवरच पट्टे पूर्ण आवळून बसावं, पाय पेडलवर ठेवावेत, आणि इंधनाचा कॉक एका हातानं, मान न वळवता, तीनदा इकडून तिकडे फिरवून बघावा. पट्टा सैल करावा लागला किंवा पाय हलला, तर कॉकची जागा बदलून घेईपर्यंत ते विमान उडवू नये.